सहलीचे फोटो कोणासाठी?



दिवाळीनंतरच्या विद्यार्थी सहलीची सूचना तयार करायची होती, म्हणून परवा मी मंडळाच्या फेसबुक पानावर मागे मागे जात बसले. तीन वर्षांपूर्वीच्या सहलीचे २१२ फोटो तिथे आहेत. ते सगळे मीच टाकलेले. रात्री दीडपर्यंत जागून टाकले होते आणि दुसऱ्या दिवशी किती जणांनी पाहिले हे तासातासाला बघत होते.

या वेळी मोजून पाहिले. बससमोर ओळीने उभं राहून काढलेले ३८. मंडळाचा फलक धरलेले ४४. जेवणाच्या पंगतीचे ३१. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतानाचे १९. उरलेल्यांत बहुतेक सेल्फी. मुलं जे बघायला गेली होती ते नीट दिसतं असे फोटो निघाले ९, आणि ती जागा कोणती हे एकाही फोटोखाली लिहिलेलं नाही. ‘अविस्मरणीय क्षण’ मात्र सतरा वेळा लिहिलंय. मी स्वतः गेले होते म्हणून मला कळतं की तो मांडूचा जहाज महाल आहे. ज्या घरातलं मूल आलं नव्हतं, त्या घराला यातून काय कळलं असेल?

मंडळाचं सोशल मीडियाचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे ही सगळी उणीदुणी माझीच. पण आज हा विषय घेतला तो फोटो रटाळ होते म्हणून नव्हे. त्या २१२ आधी २१३ होते. एक मी काढून टाकला. त्याबद्दल कधीतरी लिहायलाच हवं होतं.

त्या वर्षी काही मुलांचं सहलीचं शुल्क मंडळाच्या मदतनिधीतून भरलं होतं. देणगीदारांना बरं वाटावं म्हणून मी त्या मुलांना एका ओळीत उभं केलं, फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘मदतनिधीतून सहलीला आलेले आपले गुणी विद्यार्थी. देणगीदारांचे मनःपूर्वक आभार.’ मनात वाईट काही नव्हतं. उलट एक चांगलं काम लोकांसमोर आणलं असंच मला वाटत होतं. पुष्कळ काका-काकूंनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्या एका मुलाची आई कार्यालयात आली. बसा म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, “ताई, पैसे आम्ही थोडे थोडे करून परत देतो. तो फोटो तेवढा काढा.” मुलाच्या वर्गातल्या कोणीतरी तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे त्याला नवं नाव पडलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

फोटो मी तिच्यासमोरच काढला. पण तो माझ्या पानावरून गेला, लोकांच्या फोनमधून कसा जाणार? ज्यांनी फॉरवर्ड केला होता, ज्यांच्या फोनमध्ये आपोआप साठला होता, त्यांच्याकडे तो आजही असेल. तो मुलगा त्यानंतर मंडळात आला नाही. गणपतीतही नाही. मी दोनदा घरी जाऊन आले. दोन्ही वेळा त्याने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेला.

हा लेख पाठवण्याआधी मी तो त्याच्या आईला वाचून दाखवला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

त्यानंतर वर्षभर मी सहलीचं काहीच टाकलं नाही. भीतीच बसली होती. पण त्याचाही एक परिणाम झाला. सहल जवळ आली तेव्हा नेहमीच्याच घरांतली मुलं आली. रामबागेतली, राजेंद्र नगरातली, ज्यांचे आई-वडील मंडळाच्या ग्रुपवर आहेत ती. नंतर एका काकूंनी मला भाजीबाजारात गाठलं. “आमच्या नातीला कोणी सांगितलंच नाही गं. आम्ही काय मराठी नाही?” त्या कुठल्याच ग्रुपवर नव्हत्या. आमच्याकडे तर ‘सूचना ग्रुपवर टाकली आहे’ म्हटलं की काम झालं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये फार तर १०२४ माणसं मावतात. आमच्या ग्रुपमध्ये त्याच्या निम्मीही नाहीत, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी आवाज बंद करून ठेवलाय. स्टेटस ठेवलं तर ते चोवीस तासांत जातं.

म्हणजे दाखवलं तरी मूल दुखावतं आणि गप्प बसलं तरी मूल मागे राहतं. मग आम्ही पाच-सहा जण आणि तुमच्यातलीच चार कॉलेजची मुलं, असे दोन रविवार पोहे खात बसलो आणि एकच प्रश्न समोर ठेवला : आपण हे कोणासाठी टाकतो? मंडळ किती काम करतं हे दाखवायला, की जे मूल अजून आलेलं नाही त्याला बोलवायला? मुलाला बोलवण्यासाठी टाकायचं असं ठरलं, तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. गेल्या डिसेंबरच्या उज्जैन आणि भीमबेटका सहलीला आम्ही त्या करून पाहिल्या.

पहिली गोष्ट सूचनेची. आधी आमची सूचना म्हणजे एक रंगीत चित्र असायचं. वर मान्यवरांचे गोल फोटो, मध्ये मोठ्या अक्षरांत ‘भव्य शैक्षणिक सहल’, आणि तारीख कुठेतरी खालच्या कोपऱ्यात. या वेळी कॉलेजमधल्या एका मुलीने विचारलं, “ताई, माझी आई हे बघून हो म्हणेल का?” मग आम्ही आयांनाच विचारलं की मुलाला, विशेषतः मुलीला, पाठवण्याआधी काय माहीत असायला हवं. उत्तरं सरळ होती. किती वाजता निघणार, किती वाजता परत, राहायचं कुठे, सोबत कोणत्या बायका आहेत, खर्च किती, तो कमी होऊ शकतो का आणि कोणाला विचारायचं. मान्यवर कोण हे एकीनेही विचारलं नाही.

तेवढंच आम्ही साध्या मजकुरात लिहिलं. चित्रातली अक्षरं शोधून सापडत नाहीत, लहान फोनवर वाचवत नाहीत. मजकूर कॉपी करून कोणालाही पाठवता येतो. तुमच्यातल्या पुष्कळांचं शिक्षण हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात झालंय, मराठी बोलता फर्डी पण वाचताना अडखळता, म्हणून वाक्यं लहान ठेवली. शिवाय एका आजींच्या आवाजात तोच मजकूर ध्वनिमुद्रित केला. जेमतेम पाऊण मिनिटाचा. शेवटी आजी म्हणतात, “आणि स्वेटर घ्या रे, डिसेंबर आहे.” तो आवाज आमच्या कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा लांब गेला. देवासहून दोन आणि धारहून एक मूल आलं ते त्यामुळेच. आणि प्रत्येक सभासदाला एक काम दिलं : ग्रुपबाहेरच्या एका मराठी घराला ही सूचना स्वतः फोन करून सांगायची.

दुसरी गोष्ट शुल्काची. आता सवलत हवी असेल तर पालक खजिनदार काकांशी बोलतात. ते आणि आणखी एक जण, एवढ्यांनाच ते माहीत असतं. पावती सगळ्यांना सारखीच मिळते. देणगीदारांना आम्ही पत्र लिहून आभार कळवतो, त्यात किती मुलं गेली आणि काय पाहिलं ते असतं; कोणती मुलं, ते नसतं. एका देणगीदारांनी थोडी नाराजी दाखवली. बाकीच्यांना पत्रच जास्त आवडलं.

तिसरी गोष्ट परवानगीची. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची संमती, तीही पडताळून पाहता येईल अशी, घ्यावी असं म्हटलं आहे. आपण काही कंपनी नव्हे, पण विचार आपल्यालाही लागू पडतो. आमच्या फॉर्मवर आता दोन वेगळे चौकोन आहेत. एक, सहलीला पाठवतो. दुसरा, फोटो किंवा व्हिडिओत चेहरा दाखवायला हरकत नाही. दुसऱ्यावर ‘नको’ लिहिलं तरी पहिल्यावर काही परिणाम नाही, आणि का नको ते विचारायचं नाही. पालकांनी हो म्हटलं तरी मुलालाही विचारायचं. नववीतल्या मुलीचं स्वतःचं मत असतंच की.

चौथी गोष्ट वेळेची. सहल चालू असताना बाहेर काहीही टाकायचं नाही. पन्नासेक मुलं आत्ता कुठे आहेत, रात्री कुठे उतरणार आहेत, हे साऱ्या जगाला कळवायचं कारणच काय? निघालेल्या मुलांच्या पालकांसाठी वेगळा लहान ग्रुप केला होता. त्यात फक्त दोन जण लिहू शकत होते. ‘उज्जैनला पोहोचलो’, ‘जेवणं झाली’, ‘सगळे झोपले, दोन सोडून’. घरच्यांना एवढं पुरतं. बाकीचं सगळं बस परत आल्यावर. चेहऱ्याखाली पूर्ण नाव नाही, शाळेचा बिल्ला दिसेल असा फोटो नाही. आणखी एक बारीक गोष्ट कॉलेजच्या मुलांनी मला शिकवली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला याची नोंद त्याच्यासोबत जाऊ शकते. मला हे ठाऊकच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बंधनं घातल्यावर दाखवायला उरलं काय? मलाही हीच धास्ती होती. म्हणून पाचवी गोष्ट केली. मुलांना सांगितलं, प्रत्येकाने परत आल्यावर एकच गोष्ट सांगायची, जी घरी बसून कळली नसती. लिहा, बोला, चित्र काढा. वेळ एक मिनिट.

पहिल्या दिवशी आम्ही उज्जैनच्या वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा बांधल्या, त्यांतली ही एक. तिथल्या सम्राट यंत्रावर सावलीवरून वेळ वाचता येते. मुलांनी सावलीवरची वेळ वाचली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि गोंधळ उडाला. जवळपास अर्ध्या तासाचा फरक! “यंत्र बिघडलंय,” एक जण म्हणाला. मार्गदर्शक सर हसले आणि त्यांनी मुलांनाच हिशेब करायला लावला.

त्यावर आलेली एक मिनिटाची पोस्ट अशी होती. पडद्यावर फक्त यंत्रावर पडलेली सावली, आणि शेजारी घड्याळ बांधलेला एक हात. आवाज लहान मुलाचा. “भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. उज्जैन त्याच्या पश्चिमेला सुमारे पावणेसात अंश आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सत्तावीस मिनिटं मागे आहे. डिसेंबरच्या शेवटी फरक एवढा असतो. फेब्रुवारीत जास्त असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कमी. इंदूरचंही तसंच. घड्याळात बारा वाजले की आपल्याकडे अजून दुपार झालेली नसते.”

एवढंच. चेहरा नाही, नाव नाही, मागे गाणं नाही. त्या मुलाच्या फॉर्मवर दुसऱ्या चौकोनात ‘नको’ लिहिलेलं होतं, म्हणूनच हात आणि सावली. देवासच्या एका आजोबांनी ते ऐकून गच्चीत काठी रोवली आणि दोन-तीन दिवस सावली कधी सर्वांत लहान होते ते पाहिलं. मग कार्यालयात फोन केला, “साडेबाराच्या सुमाराला होते. पोराचं बरोबर आहे. आता पुढच्या सहलीला म्हाताऱ्यांनाही न्या.”

दुसऱ्या दिवशी भीमबेटका. भोपाळच्या दक्षिणेला, विंध्याच्या कुशीत, रानातले ते खडकांचे आसरे आणि त्यांतली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं. २००३ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. मुलांना त्याहून जास्त आवडली ती ती चित्रं जगासमोर आणणाऱ्या माणसाची गोष्ट. विष्णू श्रीधर वाकणकर, म्हणजे सगळ्यांचे हरिभाऊ. जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ साली रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना हे खडक दिसले. युरोपातल्या चित्रगुहांच्या परिसरासारखीच ठेवण वाटली, म्हणून ते शोध घेत तिथे पोहोचले. पुढे १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एका मुलीने त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. “आम्हीसुद्धा बसच्या खिडकीत बसलो होतो. मी पूर्ण रस्ता फोन बघितला. वाकणकरांनी फोन बघितला असता तर भीमबेटका दिसलं नसतं. परत येताना मी खिडकीतून बघितलं. मला बारा मोर दिसले.” शुद्धलेखन मी थोडं सुधारलंय. मोर बाराच होते का, हे विचारलं नाही.

या सहलीनंतर मंडळाच्या पानावर २१२ फोटो नाहीत. २९ पोस्ट आहेत. प्रत्येकीच्या वर जागेचं नाव, कसं जायचं, जायला किती वेळ लागतो, हे दोन ओळींत लिहिलं आहे. आवडल्याची चिन्हं पूर्वीपेक्षा कमी आली. मी ती मोजणं सोडलंय, असं म्हटलं तर खोटं होईल. पण कार्यालयात आलेले फोनही आता मोजते. मार्चपर्यंत अकरा नव्या घरांनी ‘पुढची सहल कधी’ असं विचारलं. त्यातल्या काही घरांनी गेल्या कित्येक वर्षांत मंडळाची पायरी चढलेली नाही. आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही माणसं. पण पोरांना मराठी कशाला, असं म्हणत हळूहळू लांब गेलेली. त्यांच्या मुलांना व्याख्यानाला बोलावलं तर ती येणार नाहीत. नर्मदेवर चला म्हटलं तर येतील.

तर या वेळची सूचना खाली देते आहे. जशीच्या तशी उचलून पाठवा.

‘दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी विद्यार्थी सहल. इयत्ता सहावी ते बारावी. सकाळी ६ वाजता कार्यालयापासून निघू, रात्री ९ पर्यंत परत. मुक्काम नाही. महेश्वरला अहिल्याबाईंची राजधानी, घाट आणि हातमागावर साडी कशी विणतात ते पाहू. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी पाहू. २८ एप्रिल १७४० रोजी ते तिथेच नर्मदाकाठी वारले. सोबत दोन शिक्षिका आणि मंडळाच्या दोन ताई. नदीत उतरायचं नाही. खर्च आणि सवलतीसाठी कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळात खजिनदारांना भेटा, बोलणं तुमच्या-त्यांच्यात राहील. मराठी वाचता येत नसेल तरी चालेल. फोटो नको असेल तरी चालेल.’

आणि तुमच्यासाठी, म्हणजे जे हे फोनवर वाचताय त्यांच्यासाठी, एक विनंती. हे आपल्या नेहमीच्या ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. तिथे ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. असं एक घर आठवा जे कुठल्याच ग्रुपवर नाही. शाळेतला कोणी, गल्लीतला कोणी, आडनाव मराठी पण ओळख नुसती हात हलवण्यापुरती. त्याला फोन करा.

त्या मुलाच्या घरी या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे. तो आता अकरावीत आहे. सूचना कागदावर लिहून नेईन, फोन पिशवीतच ठेवीन. येईल की नाही, सांगता येत नाही. आला तर तुम्हाला ते या सदरात वाचायला मिळणार नाही.

भेटू पुढच्या महिन्यात.